खाचरातली काकडी

आवण होऊन महिना झालेल्या खाचरात पाय रोवला, की टाचेखालून बुडबुडे येतात. वडगाव, कामशेत, पौड या बाजूला ज्यांचं लहानपण गेलं, त्यांना हे सांगायला नको. पाय उपसताना चिखल ‘पच्‌’ असा आवाज करून सोडतो, पोटरीभोवती चार-दोन फुगे वर येऊन फुटतात, आणि ते पाहायला पोरं दुसरा पाय मुद्दाम जोरात टाकतात.

१७७६ मध्ये इटलीतल्या माज्जोरे सरोवराच्या काठावर आलेस्सांद्रो व्होल्टानेही हेच केलं. त्याने काठीने गाळ ढवळला, वर आलेले बुडबुडे पाण्याखाली उपड्या धरलेल्या बाटलीत गोळा केले आणि त्यांना ज्योत दाखवली. वायू पेटला. आज आपण त्याला मिथेन म्हणतो. विजेचा घट करणारा हाच तो व्होल्टा. पुढच्या दोनशे वर्षांत दलदलीतल्या या वायूचं बरंच काही कळलं, पण भाताच्या खाचरातल्या बुडबुड्याकडे कोणी संशयाने पाहिलं नव्हतं. विसाव्या शतकाच्या शेवटी तो एकदम आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला, आणि त्याच्यासोबत भारताचा शेतकरीही.

एका शून्याचा खटला

मिथेन हवेत उष्णता अडवून धरतो. शंभर वर्षांच्या हिशेबात एक किलो मिथेन सुमारे २७ किलो कार्बन डायऑक्साइडइतका ताप देतो, तर वीस वर्षांच्या हिशेबात जवळपास ८० किलोंइतका. त्याचं आयुष्य मात्र थोडं असतं. बाराएक वर्षांत तो हवेतून नाहीसा होतो. म्हणूनच तो आटोक्यात आणला तर फरक नातवंडांच्या काळापर्यंत थांबून पाहावा लागत नाही, आपल्याच हयातीत दिसतो. औद्योगिक क्रांतीच्या आधी हवेत जेवढा मिथेन होता, त्याच्या अडीचपटीहून अधिक आज आहे. माणसाच्या उद्योगांमुळे हवेत जाणाऱ्या मिथेनपैकी साधारण ८ टक्के भातशेतीतून येतो.

१९९० च्या आसपास अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या अंदाजपत्रकात एकट्या भारतातल्या भाताच्या नावावर वर्षाला पावणेचार कोटी टनांहून अधिक मिथेन लिहिलेला होता. आकडा कसा आला? युरोप-अमेरिकेतल्या मोजक्या शेतांवर मोजमापं झाली होती, ती भारताच्या भातक्षेत्राला लावून टाकली. आपल्या खाचरात डबा ठेवून फारसं कोणी पाहिलं नव्हतं. आणि हा आकडा कागदावर राहणार नव्हता. हवामानाच्या वाटाघाटी तोंडावर आल्या होत्या, आणि कोणी किती सोसायचं ते अशाच आकड्यांवर ठरणार होतं.

उत्तर म्हणून दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या डॉ. ए. पी. मित्रा यांच्या पुढाकाराने १९९१ मध्ये देशभर ‘मिथेन मोहीम’ निघाली. पद्धत साधी पण कंटाळवाणी होती. उभ्या भाताच्या चुडांवर पारदर्शक पेटी पालथी घालायची, ठरावीक मिनिटांनी आतली हवा सिरिंजने ओढायची, ती गॅस क्रोमॅटोग्राफ नावाच्या यंत्रातून काढायची आणि मिथेन किती वेगाने साठतोय ते पाहायचं. मग दुसरं शेत, दुसरी माती, दुसरा आठवडा. अशी कित्येक शेतं पालथी घातल्यावर जो आकडा हाती आला, तो होता वर्षाला सुमारे ४० लाख टन. कमीत कमी २४ लाख, जास्तीत जास्त ६० लाख. म्हणजे आरोपपत्रात जवळजवळ एक शून्य जास्तीचं होतं.

त्याच वर्षी अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी ‘ग्लोबल वॉर्मिंग इन ॲन अनइक्वल वर्ल्ड’ या पुस्तिकेत दुसरा प्रश्न टाकला: पोट भरण्यासाठी सोडलेला वायू आणि चैनीसाठी सोडलेला वायू एकाच तराजूत घालायचे का? एका पारड्यात आशियातल्या शेतकऱ्याचं भात, दुसऱ्यात श्रीमंत देशांच्या मोटारी. पिंपरी-चिंचवडच्या माणसाला हा प्रश्न पुस्तकी वाटणार नाही. इथे एकाच नदीच्या वरच्या अंगाला भात आहे आणि खालच्या अंगाला मोटारींचे कारखाने.

खटला हलका झाला, तरी एक कोडं उरलं. आपलं खाचर अंदाजापेक्षा इतका कमी वायू सोडतं तरी कसं? काही कारणं लगेच दिसत होती. आपलं पुष्कळ भात पावसाच्या भरवशावर आहे, मध्येच पाणी उतरतं, आणि बऱ्याच जमिनींत कुजायला सेंद्रिय माल थोडा असतो. पण जगभरच्या भातशेतांचा हिशेब मांडताना आणखी एक तफावत सगळीकडेच दिसत होती. चिखलात तयार होणारा मिथेन आणि पेटीत सापडणारा मिथेन यांचा मेळ बसत नव्हता. वाटेत कुणीतरी हात मारत होतं.

मुळाभोवतीचा एक मिलिमीटर

चिखलणी म्हणजे मातीचं नाक दाबणं. पाण्यातून प्राणवायू हवेपेक्षा सुमारे दहा हजारपट सावकाश सरकतो. फळी फिरवून खाचर पाण्याखाली गेलं, की मातीत उरलेला प्राणवायू तिथले जिवाणू एक-दोन दिवसांत फस्त करतात. मग ते दुसऱ्या पदार्थांवर ‘श्वास’ घेऊ लागतात. आधी नायट्रेट, मग मँगनीज, मग लोखंड, मग सल्फेट, अशी ती उतरंड असते. सगळं संपलं की शेवटच्या पंगतीला बसतात ते मिथेन करणारे आदिजीव. कुजलेल्या पेंढ्यातून, मुळांच्या पाझरातून जे उरतं त्यावर ते जगतात, आणि त्यांच्या जगण्याचा धूर म्हणजे मिथेन. ते ना वनस्पती, ना प्राणी, ना नेहमीच्या अर्थाने जिवाणू. ती जीवसृष्टीची वेगळीच शाखा आहे. प्राणवायू त्यांना विषासारखा आहे.

आता भाताचं रोप पाहा. पाण्यात उभं राहायचं तर मुळांना हवा हवीच. म्हणून भाताच्या काडीत आणि मुळांत पोकळ नळ्या असतात. पानांकडून हवा त्या नळ्यांतून खाली मुळापर्यंत जाते. खाचरातला चूड उपटून मुळं धुतली तर त्यांच्यावर तांबूस थर दिसतो, तो खरोखरच गंज असतो. मुळातून पाझरलेल्या प्राणवायूने आजूबाजूच्या चिखलातलं लोखंड गंजलेलं असतं. पण ज्या नळीतून हवा खाली जाते, त्याच नळीतून मिथेन वर निसटतो. भर हंगामात खाचरातून बाहेर पडणाऱ्या मिथेनपैकी ९० टक्क्यांपर्यंत मिथेन असा भाताच्या काडीतून, आवाज न करता जातो. पायाखालचा बुडबुडा हा त्याचा फक्त गलबला करणारा भाऊ.

गंजलेल्या मुळाभोवती जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा एक पट्टा असतो. आतून प्राणवायू येतो, बाहेरून मिथेन येतो. हात मारणारे बसतात ते इथे. त्यांना मिथेनखाऊ जिवाणू म्हणू. मिथेनच्या रेणूतले कार्बन आणि हायड्रोजनचे बंध अतिशय पक्के असतात. कारखान्यात ते तोडायला शेकडो अंश तापमान लागतं. हे जिवाणू तेच काम तांबं असलेल्या एका विकराच्या जोरावर साध्या चिखलाच्या तापमानाला करतात, मिथेन जाळून शक्ती मिळवतात आणि त्यातल्याच कार्बनपासून आपलं शरीर घडवतात.

त्यांना पहिल्यांदा धरलं ते हॉलंडमध्ये डेल्फ्टला. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बायेरिंकच्या प्रयोगशाळेतल्या निकोलास झ्योंगेनने १९०६ मध्ये मिथेनवर जगणारा जिवाणू वेगळा काढला. मग जवळजवळ साठ वर्षं सगळं सामसूम होतं. १९७० मध्ये ब्रिटनमध्ये रॉजर व्हिटनबरी आणि सहकाऱ्यांनी शंभराहून अधिक वाणं वेगळी करून दाखवली, तेव्हा कुठे या जातकुळीचं रूप कळलं. भारतातल्या भातशेतीत असे जिवाणू आहेत हे मातीतल्या जनुकांच्या खुणांवरून दिसत होतं. पण खुणा म्हणजे पाऊलठसे. प्रयोगशाळेत जिवंत ठेवलेली, नीट वर्णन केलेली, आपल्या खाचरातली अशी वाणं जवळपास नव्हतीच. भाताखाली एवढी मोठी जमीन असलेल्या देशाची या बाबतीतली बरणी रिकामी होती.

पिंपरीचं नाव असलेला जीव

मातीतून जिवाणू काढण्याची विद्या या भागाला नवी नव्हती. पिंपरीच्या उद्योगनगरीची सुरुवातच सूक्ष्मजीवांपासून झाली आहे. मोटारी आल्या त्याआधी, १९५४ मध्ये, इथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स उभी राहिली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी हातभार लावला, आणि पुढच्याच वर्षी पेनिसिलिन तयार होऊ लागलं. आजही पिंपरीतल्या जुन्या माणसांसाठी तो सगळा परिसर ‘एचए’च आहे.

तिथल्या प्रयोगशाळेत डॉ. एम. जे. तिरुमलाचार हे बुरशीतज्ज्ञ होते. परदेशातून आणलेल्या वाणांवर औषध करणं एवढंच त्यांना पुरेसं वाटलं नाही. ते आणि त्यांचे सहकारी मातीचे नमुने चाळत राहिले. पिंपरीच्या मातीतून त्यांना एक स्ट्रेप्टोमायसेस मिळाला. त्याच्यातून निघालेलं बुरशीनाशक औषध ‘हॅमायसिन’ या नावाने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जगापुढे आलं. नावातलं पहिलं ‘हॅ’ हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचं. आणि जिवाणूचं नाव ठेवलं ‘स्ट्रेप्टोमायसेस पिंपरिना’. लॅटिन नामावळीत पिंपरी अशी कायमची जाऊन बसली.

या गोष्टीतला धडा एवढाच, की आपल्या पायाखाली काय आहे ते दुसऱ्याच्या पुस्तकात सापडत नाही. भाताच्या बाबतीत हाच धडा पुन्हा गिरवावा लागला, आणि तो गिरवला गेला पिंपरीपासून तासाभराच्या वाटेवर, पुण्यातल्या आघारकर संशोधन संस्थेत.

‘कठीण’ नावाची उमेदवारी

महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्सने १९४६ मध्ये उभी केलेली ही संस्था, वनस्पतिशास्त्रज्ञ शंकर पुरुषोत्तम आघारकर तिचे पहिले संचालक. गोपाळ गणेश आगरकर रस्त्यावर आघारकर संस्था, त्यामुळे नव्या माणसाची तारांबळ ठरलेली. इथे डॉ. मोनाली रहाळकर यांनी मिथेनखाऊ जिवाणूंचा शोध हाती घेतला.

त्यांची उमेदवारी झाली होती जर्मनीत कोन्स्टान्झला. तिथल्या सरोवराच्या काठच्या गाळातून त्यांनी, इंगेबोर्ग बुसमन आणि बेर्नहार्ड शिंक यांच्याबरोबर, एक नवा मिथेनखाऊ जिवाणू वाढवला होता. २००७ मध्ये त्याचं नाव जाहीर झालं, ‘मिथायलोसोमा डिफिसिले’. लॅटिनमध्ये ‘डिफिसिले’ म्हणजे कठीण. तो नेहमीच्या बाटलीत दाद देईना. मग एका बाजूने मिथेन आणि दुसऱ्या बाजूने प्राणवायू हळूहळू झिरपेल अशी मांडणी केली. दोन्ही वायू जिथे जेमतेम भेटतात त्या अरुंद पट्टीत तो वाढला. भाताच्या मुळाभोवतीचा तो मिलिमीटर आठवा. जर्मन सरोवराच्या गाळात शिकलेली ही युक्ती सह्याद्रीच्या खाचराला लागू पडण्यासारखी होती.

हे काम पाहायला गेलं तर डोळ्यांना फारसं काही दिसत नाही. भाताच्या मुळांना चिकटलेली माती पाण्यात कालवायची. त्यातलं थोडं दुसऱ्या बाटलीत, त्यातलं थोडं तिसऱ्या, असं दसपटीने पातळ करत न्यायचं. बाटलीत साखर नाही, मांसरस नाही. थोडेसे क्षार आणि पाणी, तेही नेहमीच्या खाद्यापेक्षा पातळ केलेलं, कारण भरल्या ताटावर दुसरेच जिवाणू तुटून पडतात. रबरी बूच घट्ट लावायचं आणि वरच्या रिकाम्या जागेत हवेबरोबर मिथेन भरायचा. मग वाट पाहायची. नेहमीचा जिवाणू एका रात्रीत बाटली गढूळ करतो. इथे आठवडे जातात. मधूनमधून बुचातून सुई घालून वायू तपासायचा. मिथेन कमी होतोय? म्हणजे आत कोणीतरी जेवतंय.

इथेही फसगत ठरलेली. मिथेनखाऊ जिवाणू आपल्या जेवणातलं थोडं बाहेर सांडतो, आणि त्या सांडलेल्यावर जगणारे दहा प्रकारचे पाहुणे त्याच्याबरोबर वाढतात. मूळ यजमान वेगळा काढायचा तर पुन्हा पातळ करा, पुन्हा वाट पाहा. शेवटच्या, सर्वांत पातळ केलेल्या बाटलीत जो उरतो, तो त्या मातीत सर्वांत जास्त असलेल्यांपैकी. म्हणून ही पद्धत वेळखाऊ असली तरी खरी: ती चपळाला नाही, बहुसंख्याला निवडते.

सूक्ष्मदर्शकाखाली

पाण्याने भरलेल्या एका भारतीय भातशेतातल्या मुळांजवळून आलेल्या अशाच एका वाणाला प्रयोगशाळेत ‘एसएन१०-६’ असा क्रमांक होता. रंग फिकट गुलाबी. सूक्ष्मदर्शकाखाली धरल्यावर तो भलताच निघाला. साधा जिवाणू एक-दोन मायक्रॉनचा असतो. हा तीन ते सहा मायक्रॉनचा होता, म्हणजे जवळजवळ लहानशा यीस्टएवढा. आकार लांबट, मधे फुगीर, दोन्ही टोकं गोलसर. त्याला पाहून कुणालाही काकडीच आठवेल.

जनुकसंच वाचल्यावर कळलं, की त्याचं जवळचं कोणी नोंदीत नाही. जातच नव्हे, प्रजातिगटही नवा. जर्मनीतल्या ग्योटिंगेनचे मिखाएल होपर्ट यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाचं काम केलं. पेशीच्या आत पातळ पटलांच्या थप्प्या असणं ही अशा जिवाणूंची खूण. तो मिथेन तोडणारा विकर याच पटलांत बसवलेला असतो. २०१८ मध्ये प्रणिता पंडित, होपर्ट आणि रहाळकर यांनी त्याचं वर्णन प्रसिद्ध केलं. नाव ठेवलं ‘मिथायलोकुकुमिस ओरायझी’. ‘कुकुमिस’ म्हणजे काकडी, ‘ओरायझा’ म्हणजे भात. भातातली मिथेनखाऊ काकडी. नावाआधी ‘कँडिडेटस’, म्हणजे उमेदवार, असा शब्द लागला होता. जिवाणूशास्त्राचा नियम कडक आहे. दोन वेगवेगळ्या देशांतल्या संग्रहांत जिवंत वाण जमा झाल्याशिवाय नाव पक्कं होत नाही.

काकडी एकटी नव्हती. २०२० पर्यंत रहाळकर, ज्योती मोहिते, प्रणिता पंडित, कुमल खत्री यांच्या गटाने, उरुळीकांचनला ज्यांचं केंद्र आहे त्या बाएफ संस्थेच्या डॉ. राहुल बहुलीकर यांच्या साथीने, मिथेनखाऊ जिवाणूंची ४५ देशी वाणं वेगळी केल्याचं जाहीर झालं. रिकामी बरणी भरू लागली होती.

आता खरा प्रश्न आला. हे जिवाणू भाताला परत दिले तर काय होतं?

इंद्रायणी इंद्रायणीला भेटते

प्रयोगाला भात निवडलं ‘इंद्रायणी’. मावळात हे नाव घेतलं की आधी वाफाळता भात डोळ्यांपुढे येतो, मग नदी. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहर-१५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून हे वाण तयार केलं; १९८७ मध्ये ते शेतकऱ्यांच्या हाती आलं. आंबेमोहराचा वास आणि बुटक्या आयआर-८ चं भरघोस पीक, अशी ती सोयरीक.

पावसाळ्यात कुंड्यांमधून प्रयोग झाले. आठ वेगवेगळ्या प्रजातिगटांतली दहा वाणं रोपांना देऊन पाहिली. काकडीही त्यांत होती. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की बहुतेक वाणांनी रोपाचं भलं केलं. रोपं लवकर निसवली, दाणाही वाढला. आधीच्या प्रयोगांत जिवाणू दिलेल्या रोपांकडून मिथेनही कमी सुटलेला दिसला होता. वायू खाणारा जिवाणू दाणा का वाढवतो, याचं एक उत्तर जुनंच माहीत आहे: यांतले पुष्कळ जिवाणू हवेतला नत्र बांधून मातीत आणू शकतात. म्हणजे मिथेन हे त्यांचं इंधन आणि नत्र ही भाताला दिलेली भेट.

कुंडी म्हणजे खाचर नव्हे, हे खरंच. कुंडीला बांध नसतो, वरच्या शेतातून खालच्या शेतात पाणी उतरत नाही, खेकडे बिळं पाडत नाहीत. पण ज्या जिवाणूला आत्तापर्यंत फक्त पाऊलठशांवरून ओळखत होतो, तो आता आपल्याच भाताच्या मुळाशी बसून काम करताना दिसला होता.

आणि मग गोष्टीत काखेतला कळसा निघाला. एवढी नवलाची काकडी, भाताशिवाय आणखी कुठे असेल? पहिल्या नोंदीनंतर कित्येक वर्षं जगात दुसरीकडून तिची सख्खी जात कोणी कळवली नाही. ती मिळाली पुण्यात, वेताळ टेकडीवरच्या पाण्याने भरलेल्या जुन्या दगडखाणीत. तिथल्या मिथेनखाऊंमध्ये तिचाच भरणा होता. आघारकर संस्थेच्या मागे निघालं की वेताळ टेकडी चालत जाण्याच्या अंतरावर आहे. सकाळी हजारो पुणेकर त्या खाणीच्या कडेने फिरून येतात. गावाला वळसा घातल्यावर कळसा सापडला तो असा.

तिचा एक स्वभावही कळला. ३७ अंशांच्या वर ती वाढत नाही. पाण्याखालच्या गार चिखलातला हा जीव. उन्हाळ्याचा पारा जिथे चाळिशीला टेकतो, तिथे त्याला सावलीचं पाणी लागतं.

युरियाची गोळी आणि बांधाचं तोंड

इथवर ही प्रयोगशाळेची गोष्ट होती. पण खाचरात वायू करणारे जिंकतात की खाणारे, हा निकाल शेवटी बांधावरचा माणूस लावतो. त्याला ते ठाऊक नसतं इतकंच.

पहिलं हत्यार पाणी. खाचर सतत तुडुंब ठेवलं की करणाऱ्यांचं राज्य. मधे एकदा पाणी उतरू दिलं, की मातीत हवा शिरते, करणारे गप्प होतात, खाणारे जेवतात. आलटूनपालटून ओलं-कोरडं ठेवण्याच्या पद्धतीत जमिनीत छिद्रं पाडलेली नळी रोवून पाहतात. पाणी पृष्ठभागाखाली १५ सेंटिमीटर गेलं की पुन्हा भरायचं. यात मिथेन ३० ते ५० टक्क्यांपर्यंत कमी होतो आणि पिकाला फारसा धक्का लागत नाही. मावळ-मुळशीत आषाढात हे बोलणं म्हणजे चेष्टा. पाऊस कोणाच्या नळीकडे पाहून पडत नाही. पण भाद्रपदात उघडीप मिळते. तेव्हा बांधाचं तोंड उघडायचं की मातीने लिंपायचं, हे शेतकऱ्याच्या हातात असतं.

मात्र या वाटेवर एक खड्डा आहे. माती ओली-सुकी होत असताना वर फेकलेला युरिया पडलेला असेल, तर दुसरेच जिवाणू त्यातून नायट्रस ऑक्साइड करतात. तो वायू कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट ताप देतो. म्हणजे मिथेन वाचवायला जावं आणि त्याहून जहाल वायू पदरात घ्यावा. इंद्रायणी ओलांडून चाकणकडे गेलं की भात संपतं, कांदा-बटाटा सुरू होतो. तिथे चिखल नाही, मिथेनची फार चिंता नाही. पण युरिया टाकून लगेच भरपूर पाणी दिलेल्या वाफ्यात हाच दुसरा वायू जन्मतो. एकाच खोऱ्यातल्या दोन पिकांचे दोन वायू.

दुसरं हत्यार म्हणजे खत कुठे ठेवायचं ते. मिथेन आणि अमोनिया यांचे रेणू मिथेनखाऊंच्या विकराला जवळजवळ सारखे दिसतात. म्हणून अमोनियायुक्त खत दिलं की तो विकर अडकतो आणि मिथेन खाणं थांबतं, असंच बराच काळ मानलं जाई. २००० मध्ये पॉल बोडेलियर आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये उलटं चित्र दाखवलं. भाताच्या मुळाजवळचे मिथेनखाऊ नत्रासाठी उपाशी असतात. तिथे अमोनियम पोचलं की ते उलट जोमाने मिथेन खातात.

हे वाचताना कोकण-मावळातल्या भातकऱ्याला चारसूत्री आठवेल. डॉ. नारायण सावंत यांनी रुजवलेली ही पद्धत: तुसाची राख आणि पेंढ्याचा फेरवापर, गिरिपुष्पाचा पाला, नेमक्या अंतरावर लावणी, आणि चार चुडांच्या मधोमध ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचलेली, पावणेतीन ग्रॅमची युरिया-डीएपीची गोळी. ही गोळी नत्र वाहून जाऊ नये, हवेत उडू नये म्हणून खोल खोचलेली. पण तिची जागा पाहा. ती बरोबर मुळाच्या शेजारी, त्या गंजलेल्या मिलिमीटरच्या दारात आहे. पैसे वाचवायला केलेली युक्ती खाणाऱ्यांच्या पंगतीत वाढपी बनू शकते. त्याच चारसूत्रीतला ताजा पाला मात्र चिखलात गाडला की करणाऱ्यांनाही मेजवानी होते. मिथेनच्या बाजूने पाहिलं तर पाला आणि पेंढा आधी कुजवून घातलेला बरा. सद्‌गुणी वाटणारी प्रत्येक गोष्ट दोन्ही पक्षांना जेवू घालते. शेतकऱ्याचं कसब असतं ते कुणाला किती वाढायचं त्यात.

मोशीच्या पुलावर उभं राहिलं की हे सगळं एका नजरेत येतं. लोणावळ्याच्या डोंगरातून निघालेली इंद्रायणी मावळाची खाचरं भिजवून इथवर येते. अलीकडे पिंपरी-चिंचवड, पलीकडे चाकणच्या वाटेवरचे कारखाने आणि गोदामं. खाचरांवर काँक्रीट ओतलं तर त्यातून मिथेन सुटायचा थांबेल, हेही खरंच. वायूच्या वहीत ती बचत दिसेल. पण त्या वहीत दुसरी बाजू लिहिलेली नसते: ज्या चिखलात करणारा राहत होता, त्याच चिखलात खाणाराही राहत होता, आणि त्या खाणाऱ्याचा पत्ता आपल्याला अगदी अलीकडे लागला. पिंपरीचं नाव लावणाऱ्या त्या स्ट्रेप्टोमायसेसची माती आज शोधायला निघालात, तर बहुतेक जागी आधी डांबर खणावं लागेल.

वडगावकडे अजून आवण होते. श्रावणात तिथल्या खाचरात पाय घातलात तर टाचेखालून बुडबुडे येतील. तो बुडबुडा म्हणजे घाईने सुटलेला, मुळाभोवतीच्या त्या पट्ट्याला चुकवून सरळ वर आलेला वायू. काकडीच्या तावडीत जो सापडला, तो वर येतच नाही. त्याचा ना फुगा होतो, ना आवाज.